जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट कसे टाकावे

विंडोज १० साठीचे नियमित मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि सात-आठ वर्षे जुना लॅपटॉप वापरणाऱ्या अनेक घरांत त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले बहुतेक लॅपटॉप त्या निकषात बसत नाहीत. यंत्र मात्र धडधाकट असते. नागपुरात महालात राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीचा लॅपटॉप असाच होता: चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि जवळजवळ निकामी झालेली बॅटरी. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली (लिनक्सचाच एक प्रकार) टाकली आणि आज बहीण त्याच लॅपटॉपवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ते काम करताना जे जे सांभाळावे लागले, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

लिनक्स प्रत्येकासाठी नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ज्यांचे इतवारीत दुकान आहे आणि ज्यांचा सगळा हिशेब टॅलीवर चालतो, किंवा जे श्रीलिपीवर छपाईची कामे करतात, त्यांनी विंडोज काढून टाकू नये. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेली आहेत आणि लिनक्सवर ती कशीबशी चालवण्याच्या खटाटोपात कामाचा खोळंबा होतो. अशांनी एक तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात, नाही तर नवे यंत्र घ्यावे. इंटरनेट, ईमेल, पीडीएफ, व्हिडिओ आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल, तर मिंट पुरेसे आहे. लिबरऑफिस त्यात आधीपासूनच असते आणि वर्ड-एक्सेलच्या बहुतेक फाईली त्यात उघडतात.

पेनड्राइव्हला हात लावण्याआधी

या कामातला खरा धोका पेनड्राइव्ह बनवण्यात नसतो, आपल्या फाईली नेमक्या कुठे आहेत हे ठाऊक नसण्यात असतो. लॅपटॉप समोर ठेवला तेव्हा बहिणीने पहिला प्रश्न विचारला, "दादा, माझ्या नोट्स उडणार तर नाही ना?" मी विचारले, नोट्स कुठे आहेत? ती म्हणाली, "डी ड्राइव्हमध्ये. तिथलं काही जात नाही न."

हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यामागे कारणही आहे. दुकानात लॅपटॉप फॉरमॅट करायला दिला की तिथे बहुधा सी ड्राइव्ह तेवढा पुसतात आणि त्यावर विंडोज टाकतात, डी ड्राइव्हला हात लागत नाही. वर्षानुवर्षे हाच अनुभव आल्यामुळे डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी, असे लोकांच्या मनात बसले आहे. प्रत्यक्षात सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला, तर सी आणि डी दोन्ही जातात, कारण तो पर्याय विभागांचा विचार करत नाही, अख्खी डिस्क नव्याने आखतो. म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि संपूर्ण डी ड्राइव्ह असे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि उतरवलेल्या फाईलींपैकी दहा-बारा फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. कॉपी झाली असे दिसणे आणि फाईल उघडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. दुसरी म्हणजे फॉन्ट. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज आणि पत्रे घरोघरी असतात आणि तो फॉन्ट नव्या प्रणालीत नसेल, तर त्या फाईलीत मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून लागणारे फॉन्ट कॉपी करून ठेवले, तर ते मिंटमध्येही बसवता येतात.

लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या फाईली कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि विंडोज ठेवायचे असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. सुरक्षेच्या एखाद्या सेटिंगला हात लागला की विंडोज सुरू होताना ती की मागते आणि ती नसेल, तर स्वतःच्याच फाईली स्वतःला मिळत नाहीत.

फाईल उतरवणे आणि ती तपासणे

मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तिच्या तीन आवृत्त्या आहेत. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्यावी, चार जीबी किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई. दिसायला ती साधी आहे, पण जुन्या यंत्रावर चपळ चालते आणि मी बहिणीसाठी तीच निवडली. मिंटला किमान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा लागते, पण ते आकडे कसेबसे चालण्याचे आहेत. चार जीबी रॅम आणि शंभर जीबी जागा असली तर नीट काम होते.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून जी फाईल उतरते, तिच्या नावाच्या शेवटी आयएसओ असते आणि तिचा आकार सुमारे तीन जीबी असतो. ती उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ हा ठसा तपासणे अनेक जण टाळतात. कृपया टाळू नये. हा ठसा म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेली ६४ अक्षर-अंकांची ओळ असते आणि फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचे संकेतस्थळच हॅकरांनी ताब्यात घेतले होते आणि डाउनलोडची लिंक बदलून लोकांना छुपे दार ठेवलेली फाईल दिली होती. त्यानंतर मिंटने खऱ्या फाईलींचे ठसे जाहीर करून लोकांना आपापली फाईल ताडून पाहायला सांगितले. हल्ला हा विरळा प्रसंग झाला, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन जीबी उतरवताना मध्येच नेट तुटून फाईल अर्धवट राहणे हे नेहमीचे आहे आणि तेही याच तपासणीत पकडले जाते. विंडोजवर यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. रूफस या प्रोग्राममध्ये फाईल निवडली की शेजारी बरोबरच्या खुणेचे एक छोटे बटण असते, ते दाबले की ठसा दिसतो. संकेतस्थळावरच्या ओळीशी तो जुळवावा. सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ अक्षरे जुळली तरी अपघाती बिघाड नाही याची खात्री होते, पण पूर्ण ओळ जुळवण्याला फार तर मिनिटभर लागतो.

पेनड्राइव्ह बनवणे

आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर काम होत नाही. लॅपटॉप चालू होताना त्याचे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे यूईएफआय, पेनड्राइव्हवर ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावाची बूट फाईल आहे का, हे पाहते. आयएसओ ही एक बंद पेटी आहे आणि पेटी उघडून आतले सामान जागच्या जागी मांडणे हे काम रूफस किंवा एचरसारखे प्रोग्राम करतात.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा किंवा मोठा असावा. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे, हे गृहीत धरावे. रूफस उघडून पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडली की बाकीचे बरेचसे पर्याय तो स्वतः भरतो. २०१२-१३ नंतरच्या लॅपटॉपसाठी पार्टिशन स्कीम (आखणीची पद्धत) जीपीटी आणि टार्गेट सिस्टीम यूईएफआय ठेवावी. त्याहून जुने यंत्र असेल तर एमबीआर. 'स्टार्ट' दाबल्यावर तो आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने, असे विचारतो. पहिली पद्धत सुचवलेली असते, तीच घ्यावी. त्या पेनड्राइव्हने लॅपटॉप सुरू झाला नाही, तर मात्र डीडी पद्धतीने पुन्हा लिहून पाहावे. एचरमध्ये पर्यायच नसतात: फाईल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, लिहा. पण लिहून झाल्यावर तो पेनड्राइव्ह वाचून मूळ फाईलशी पडताळतो आणि ही सोय रूफसमध्ये आपोआप मिळत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने म्हणूनच एचर वापरावा, असे माझे मत आहे.

हे मत मला एक संध्याकाळ घालवून मिळाले. बर्डीवर फुटपाथवर स्वस्तात घेतलेल्या पेनड्राइव्हवरून मी इन्स्टॉल करत होतो, अर्धे काम झाल्यावर पडद्यावर 'इनपुट-आउटपुट एरर' असा संदेश आला आणि सगळे थांबले. त्या संदेशात हार्ड डिस्क खराब असण्याची शक्यताही लिहिलेली असते, त्यामुळे मी दोन तास लॅपटॉपच्या डिस्कच्या मागे लागलो. शेवटी शेजाऱ्यांकडून दुसरा पेनड्राइव्ह मागून आणला आणि वीस मिनिटांत काम झाले. फाईलचा ठसा जुळला होता, पण पेनड्राइव्हने ती नीट साठवलीच नव्हती. असा संदेश आला तर आधी पेनड्राइव्ह बदलावा, मग यूएसबीचे भोक बदलावे आणि डिस्कवर संशय त्यानंतर घ्यावा.

डीडी पद्धतीने किंवा एचरने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये पुन्हा लावला, तर विंडोज तो फॉरमॅट करू का, असे विचारू शकते. नाही म्हणावे.

पेनड्राइव्हवरून सुरू करणे

लॅपटॉप पूर्ण बंद करून, पेनड्राइव्ह लावून तो चालू करावा आणि लगेच बूट मेन्यूची, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीची, कळ थांबून थांबून दाबत राहावी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एफ१२ असते, एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ९, असुसमध्ये एस्केप. लेनोवोच्या काही मॉडेलांत बाजूला टाचणीने दाबायचे छोटे बटण असते. एसरमध्ये एफ१२ चालते, पण अनेकदा आधी एफ२ ने सेटिंगमध्ये जाऊन तो मेन्यू चालू करावा लागतो. कळ सापडतच नसेल तर विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' वर क्लिक करावे आणि पुढच्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडावे.

यादीत पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसले तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिले आहे ते घ्यावे. सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करण्याची सहसा गरज नसते, कारण मिंटची बूट फाईल मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरी केलेली असते. मात्र ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटनंतर जुन्या लिनक्स पेनड्राइव्हना काही लॅपटॉप 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून नकार देऊ लागले. तो संदेश दिसला तर मिंटची सर्वांत नवी आयएसओ उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवावा. पहिल्या मेन्यूनंतर पडदा काळाच राहिला, तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडावा, ग्राफिक्सच्या बहुतेक अडचणी त्याने टळतात.

आता जो डेस्कटॉप दिसतो तो पेनड्राइव्हवरूनच चालतो आहे, लॅपटॉपच्या डिस्कवर अजून काहीही बदललेले नाही. या टप्प्यावर घाई करू नये. वायफाय जोडून पाहावे, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐकावा, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा, लॅपटॉप झोपवून परत उठतो का, हे सगळे बघावे. वायफाय दिसत नसेल तर घाबरू नये. अँड्रॉइड मोबाइल केबलने लावून यूएसबी टेथरिंग चालू केले की इंटरनेट मिळते आणि मग 'ड्रायव्हर मॅनेजर' मधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो.

बॅटरी कामातून गेलेली असेल तर वेळ विचारपूर्वक निवडावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी जुना लॅपटॉप तापून आपोआप बंद पडू शकतो आणि जूनच्या सुरुवातीला वावधान सुटले की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डिस्क नव्याने आखली जात असताना वीज गेली तर काम पहिल्यापासून करावे लागते. सकाळी लवकर आणि शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या जोडणीवर हे काम करावे.

इन्स्टॉलर आणि डिस्कचा पडदा

डेस्कटॉपवरचे 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' हे चिन्ह उघडावे. भाषा आपल्या आवडीची निवडावी. कीबोर्ड मात्र इंग्रजीच ठेवावा, मराठी नंतर जोडता येते. इथेच मराठी ठेवली तर पासवर्ड देवनागरीत टाइप होऊ लागतो आणि दाराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. रुपयाचे चिन्ह लागत असेल तर 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' हा पर्याय उत्तम आहे, त्यात उजवी ऑल्ट कळ आणि ४ दाबले की ते चिन्ह उमटते. पुढे मल्टिमीडिया कोडेक्सची (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची) चौकट येते, तिच्यावर खूण करावी. सिक्युअर बूट चालू असेल तर याच ठिकाणी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवावा, कारण पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा तो परत मागतो. त्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून हाच पासवर्ड द्यायचा असतो.

मग डिस्कचा पडदा येतो. इथे मी नेहमी कीबोर्डवरून हात काढतो आणि आधी नुसते वाचतो. बहिणीच्या लॅपटॉपवर एसडीए या नावापुढे ५००.१ जीबी आणि एसडीबीपुढे १६ जीबी असे लिहिलेले होते. पहिली लॅपटॉपची डिस्क, दुसरा आमचा पेनड्राइव्ह. एसएसडी नव्या प्रकारची असेल तर नावाच्या सुरुवातीला एनव्हीएमई दिसते. पाठीमागे बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली राहिली असेल तर तीही या यादीत एसडीसी म्हणून दिसते, आणि चुकून तिच्यावरच इन्स्टॉल करण्याइतके दुर्दैव नाही. या पडद्याआधी ती काढून कपाटात ठेवावी.

आकड्यांनी गोंधळ होतो तोही इथेच. विंडोजमध्ये हीच डिस्क ४६५ जीबीची दिसत होती, म्हणून ही दुसरीच कुठली डिस्क आहे की काय, असे बहिणीला वाटले. विंडोज एक जीबी १०२४ च्या पटीत मोजते आणि इन्स्टॉलर १००० च्या पटीत, एवढाच फरक आहे. २५६ ची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते, एक टीबीची डिस्क ९३१ दिसते. हे आकडे आधी टिपून ठेवले की डिस्क ओळखताना चूक होत नाही.

लॅपटॉपवर फक्त मिंट हवे असेल आणि बॅकअप पडताळलेला असेल तर 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' निवडावे, बाकीची आखणी तो स्वतः करतो. विंडोज ठेवायचे असेल तर 'इन्स्टॉल अलॉंगसाइड' घ्यावे, पण त्याआधी विंडोजमध्ये जाऊन दोन कामे करून यावीत: पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करणे आणि डिस्क मॅनेजमेंटमधून एखादा विभाग आक्रसून रिकामी जागा तयार करणे. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद झालेले नसते, त्यामुळे त्याच्या विभागात लिनक्सने काही लिहिले तर फाईली बिघडण्याची भीती असते. 'समथिंग एल्स' हा तिसरा पर्याय विभागांची माहिती असणाऱ्यांसाठी आहे.

या पडद्यावर लॅपटॉपची डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा यूईएफआयमध्ये स्टोरेजची पद्धत इंटेल आरएसटी किंवा रेड अशी असते, ती एएचसीआय करावी लागते. विंडोज ठेवायचे असणाऱ्यांनी हा बदल जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये, कारण त्यानंतर विंडोज सुरू होत नाही.

पुढे नकाशावर कोलकाता हा वेळपट्टा निवडावा, नाव आणि पासवर्ड द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. जुन्या हार्ड डिस्कवर याहून जास्त वेळ लागतो. शेवटी सांगितल्यावरच पेनड्राइव्ह काढून एंटर दाबावे.

पहिल्या दिवशी

'अपडेट मॅनेजर' उघडून सगळे अपडेट घ्यावेत. 'टाइमशिफ्ट' लावावा म्हणजे पुढे काही बिघडले तर प्रणाली मागच्या तारखेला नेता येते. मात्र तो मुख्यतः प्रणालीच्या फाईली जपतो, आपल्या नोट्सचा बॅकअप वेगळाच ठेवावा लागतो. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना ती सरळ मिळते, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कगप ही फोनेटिक मांडणी आहे.

दोन्ही प्रणाली ठेवलेल्यांना एक विचित्र गोष्ट दिसते: मिंट वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. मिंट यंत्रातल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते आणि भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, timedatectl set-local-rtc 1 ही आज्ञा दिली की हा प्रश्न सुटतो.

यंत्र तरीही मंद वाटत असेल तर रॅमच्या आधी डिस्क बदलावी. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली की सुरू होण्याचा वेळ डोळ्यांना जाणवेल इतका कमी होतो.

पेनड्राइव्ह लगेच दुसऱ्या कामाला लावू नये. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मिंट निवडण्याचा मेन्यू दिसेनासा झाला, तर हाच पेनड्राइव्ह लावून लाइव्ह डेस्कटॉप सुरू करायचा आणि मेन्यूतल्या 'ॲडमिनिस्ट्रेशन' खाली असलेला 'बूट रिपेअर' चालवायचा. बहिणीने त्याला कागदी पट्टी चिकटवून त्यावर आवृत्ती आणि तारीख लिहिली आहे आणि तो लॅपटॉपच्या बॅगेतच असतो.